मुलगी स्वीडनमध्ये लग्नाशिवाय राहते, म्हणजे नक्की काय?

सांगलीच्या एका निवृत्त गृहस्थांचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी गोथेनबर्गला नोकरी करते. तीन वर्षांपासून तिथल्याच एका मुलाबरोबर राहते, आता दोघांनी मिळून घरही घेतलंय. लग्नाचं विचारलं की दोघं हसतात, "गरज काय?" म्हणतात. त्याचे आईवडील नाताळात हिला सुनेसारखं वागवतात, त्यांनाही यात काही वाटत नाही. त्याला बांधून घ्यायचं नाही, असा याचा अर्थ घ्यायचा का? तिच्या हक्काचं काय? आणि जपान तर स्वीडनइतकाच पुढारलेला, मग तिथे हे का दिसत नाही? सांगलीतला आमचा फ्लॅट तिच्या नावावर करायचा विचार आहे, तो करावा का?

मी चोवीस वर्षं पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात वकिली करते. परदेशी जोडीदाराची, परदेशातल्या घराची प्रकरणं आता महिन्याला एक-दोन तरी येतात, त्यामुळे तिकडचे कायदे वाचणं भाग पडलं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते: नाही, तसा अर्थ घेऊ नका. स्वीडनमध्ये दोघांच्या नावावर गृहकर्ज घेतलेल्या मुलाला कोणी "टाळतोय" म्हणत नाही. पण "गरज काय?" हे मुलीचं उत्तरही पुरतं खरं नाही. एका जागी गरज आहे, आणि ती जागा या वयात कोणाला आठवत नाही. तिथवर येते.

आपण लग्नाला संस्कार म्हणतो, ते आहेच. पण माझ्या टेबलावर ते एक गाठोडं म्हणून येतं. त्यात वारसा असतो, पेन्शन असते, कर, व्हिसा, मुलाचं नाव, राहतं घर, आजारपणात सही करायचा अधिकार आणि नातं मोडलं तर बाहेर पडायची वाट. कुठल्या देशाने या गाठोड्यात काय काय बांधून ठेवलंय आणि काय सुटं विकायला ठेवलंय, हे पाहिलं की तिथली जोडपी काय करतात ते बरंचसं उलगडतं. सगळंच सुटं मिळत असेल, तर गाठोडं उचलायची घाई कोण करेल?

स्वीडनने एकेक वस्तू सुटी केली. १९७१ पासून तिथे नवऱ्याचा आणि बायकोचा प्राप्तिकर वेगवेगळा लागतो. १९७४ पासून बाळाच्या रजेचे पैसे आईला किंवा बापाला, दोघांपैकी कोणालाही घेता येऊ लागले. त्याच वर्षीपासून घटस्फोटाला कारण सांगावं लागत नाही. लहान मूल असेल किंवा एकाचा विरोध असेल तर सहा महिने थांबायचं, एवढंच. पाळणाघर स्वस्त, शिक्षणाचं कर्ज मुलांच्या स्वतःच्या नावावर. नवऱ्याच्या आधाराने जगणारी बायको, हा सरकारी हिशेबातला रकानाच हळूहळू पुसला गेला.

एक वस्तू मात्र बराच काळ गाठोड्यात राहिली होती, विधवेची पेन्शन. ती १९९० पासून बंद होणार असं ठरलं, पण १९८९ संपण्याआधी लग्न झालेलं असेल तर ठरावीक वयाच्या बायकांना काही हक्क राहणार होता. मग काय झालं बघा. १९८८ साली त्या देशात सुमारे ४४ हजार लग्नं लागली होती. १९८९ साली आकडा एक लाखाच्या पुढे गेला, आणि त्यातली निम्म्याहून जास्त एकट्या डिसेंबरमध्ये. पंधरा-पंधरा वर्षं बिनलग्नाची राहिलेली, कडेवर पोरं असलेली जोडपी रांगा लावून बोहल्यावर चढली. त्या महिन्यात स्वीडिश माणसं अचानक देवभोळी झाली नव्हती. पुढच्या वर्षी लग्नं पुन्हा पूर्वीच्या पातळीवर आली. "त्यांची संस्कृतीच तशी" असं कोणी म्हणालं की मी त्यांना हा डिसेंबर सांगते.

संस्कृतीचा भाग अजिबात नाही असंही मी म्हणणार नाही. एकोणिसाव्या शतकातही स्टॉकहोमच्या कामगारवस्तीत इतकी जोडपी लग्नाशिवाय राहत, की अशा संसाराला "स्टॉकहोम-लग्न" असंच नाव पडलं होतं. आज तिथली निम्म्याहून जास्त मुलं लग्नाबाहेर जन्मतात, आणि आईबापाच्या लग्नात पोरं फुलं घेऊन पुढे चालतात. सवय जुनी होती, कायद्याने तिच्यातली भीती काढून टाकली.

तुमच्या मुलीची कायदेशीर अवस्था स्वीडिश भाषेत "साम्बो" अशी आहे. (शंभो नव्हे. माझ्या एका अशिलाच्या आजीने महिनाभर तसंच ऐकलं होतं आणि ती खूश होती.) एकत्र राहणारे ते साम्बो. जोडपं असूनही आपापल्या घरी राहणाऱ्यांना "सॅर्बो" म्हणतात. साम्बोंसाठी २००३ चा स्वतंत्र कायदा आहे, त्याआधीचा १९८८ पासून लागू होता. तो आपोआप लागू होतो, नोंदणी लागत नाही. दोघांनी एकत्र राहायला म्हणून घेतलेलं घर आणि घरातलं सामान, नावावर कोणाचंही असो, वेगळं होताना निम्मं-निम्मं वाटून मागता येतं. ही मागणी वर्षाच्या आत करावी लागते. बचत, शेअर, गाडी, सुट्टीत जायचं गावाबाहेरचं घर हे वाटपात येत नाही, ते ज्याचं त्याचं. दोघांना हा कायदा नको असेल तर लेखी करार करून बाजूला ठेवता येतो. त्यामुळे मुलीला पहिला प्रश्न हाच विचारा, की घर घेताना असा करार केलाय का? अनेकदा ज्याने जास्त पैसे घातले त्याचे आईवडील तो करून घेतात.

आता ती एक जागा. साम्बो एकमेकांचे वारस नसतात. उद्या त्या मुलाला काही झालं तर घराचं वाटप मागून तिला तिचा निम्मा भाग राखता येईल. उरलेला निम्मा त्याच्या मुलांकडे जाईल, मुलं नसतील तर त्याच्या आईवडिलांकडे. म्हणजे नाताळात हिला सुनेसारखं वागवणारी तीच दोन माणसं हिच्या राहत्या घरात भागीदार होतील. लग्न झालेलं असतं तर आधी बायकोला सगळं मिळालं असतं, आणि दोघांची मुलं तिच्यानंतर. तीन वर्षं, तेरा वर्षं किंवा तेहतीस वर्षं एकत्र राहून यात फरक पडत नाही. उपाय आहे, आणि स्वस्त आहे: एकमेकांच्या नावे मृत्युपत्र, दोन साक्षीदारांसमोर सही. मूल झाल्यावर ते पुन्हा लिहावं लागेल, कारण मुलाच्या वारसाहक्काचा अर्धा भाग तिथे मृत्युपत्रानेही काढून घेता येत नाही.

फ्रान्सने तिसरीच वाट काढली. १९९९ साली "पॅक्स" नावाचा नोंदणी-करार आणला. समलिंगी जोडप्यांना तेव्हा लग्नाचा हक्क नव्हता, मुख्यतः त्यांच्या मागणीतून तो आला. आज पॅक्स करणाऱ्यांत बहुसंख्य स्त्री-पुरुष जोडपीच असतात. २०२२ मध्ये फ्रान्समध्ये सुमारे २ लाख ४२ हजार लग्नं झाली आणि पॅक्स झाले जवळपास २ लाख १० हजार. कर एकत्र भरता येतो, मोडायचा तर एकाने कळवलं तरी मोडतो, कोर्टात जावं लागत नाही. पण जोडीदाराच्या मागे मिळणारी पेन्शन फक्त लग्न झालेल्यांना. म्हणून वीस वर्षं पॅक्सवर सुखाने काढलेली जोडपी साठीला आली की लग्नाची तारीख बघू लागतात.

जर्मनीत हाच प्रयोग इतिहासाने फुकट करून ठेवलाय. भाषा एक, पण पूर्व भागात निम्म्याहून जास्त मुलं लग्नाबाहेर जन्मतात आणि पश्चिम भागात त्याहून बरीच कमी. पश्चिमेने १९५८ पासून नवरा-बायकोचा कर एकत्र धरून अशी सवलत दिली, की एक कमावता आणि एक घरी असेल तर भरपूर पैसे वाचतात. पूर्वेच्या साम्यवादी सरकारने बायकांना कामावर आणलं, आणि एकट्या आईला रजेत, पाळणाघरात झुकतं माप दिलं. भिंत पडून तीस-पस्तीस वर्षं झाली, कायदा एक झाला, तरी फरक उरलाच आहे. पूर्वेकडच्या प्रांतांत हे प्रमाण शंभर वर्षांपूर्वीही जास्त होतं, तेव्हा सगळं श्रेय सरकारला देता येत नाही.

तुमच्या जपानच्या शंकेचं उत्तर "कोसेकी" या शब्दात आहे. कोसेकी म्हणजे सरकारदरबारी ठेवलेली कुटुंबाची नोंद, आपल्या रेशनकार्डाचा आणि वंशावळीचा मिळून एक कागद समजा. माणूस एकटा नोंदला जात नाही, कुटुंबाखाली नोंदला जातो. नवरा-बायकोचं आडनाव एकच असलं पाहिजे ही सक्ती आहे, आणि सुमारे ९५ टक्के जोडप्यांत ते नवऱ्याचं असतं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये ही सक्ती उचलून धरली. लग्नाबाहेरच्या मुलाला वारशात निम्माच वाटा मिळे, तो भेद २०१३ पर्यंत टिकला. परिणाम काय, तर लग्नाबाहेर जन्मणारी मुलं शंभरात दोन-अडीच. जपानी तरुण लग्नाआधी एकत्र राहतच नाहीत असं नाही. पण दिवस गेले की लगेच लग्न, असा रिवाज आहे. जी थोडी जोडपी ठरवून लग्नाशिवाय राहतात, त्यांतल्या कितीतरी जणींना नवरा नको असतो असं नाही. त्यांना स्वतःचं आडनाव सोडायचं नसतं.

फिलिपीन्समध्ये उलटं. तिथे मुस्लिमांचा अपवाद सोडला तर घटस्फोटच नाही. लग्न मुळातच रद्दबातल होतं असं कोर्टात सिद्ध करायचं, आणि तो खर्च गरिबाच्या आवाक्याबाहेरचा. बाहेरचा दरवाजा नाही म्हटल्यावर माणसं आत शिरतानाच बिचकतात. कॅथलिक देश, तरी "लिव्ह-इन" हा शब्द तिथे रोजच्या बोलण्यात आहे.

इथवर सगळी सरकारं झाली. पण दाराशी सरकारऐवजी भावकी बसलेली असते, तेव्हा हिशेब पैशावर येतो. दक्षिण आफ्रिकेत "लोबोला" ठरल्याशिवाय लग्न पूर्ण मानत नाहीत. आपल्याकडची देजच ती. मुलाकडच्यांनी मुलीकडच्यांना द्यायची, पूर्वी गुरांत मोजायची, आता रोख. बेकार तरुणाला ती कुठून झेपणार? मग दोघं तसेच राहतात. त्यासाठी आफ्रिकान्स भाषेतून आलेला "घे आणि बस" अशा अर्थाचा शब्दच तिथे रुळलाय. २०२१ च्या ३१ डिसेंबरला तिथल्या घटनात्मक न्यायालयाने असा निकाल दिला, की आयुष्यभराचा जोडीदार मृत्युपत्र न करता गेला तरी मागे राहिलेल्याला वारसा मागता येईल. स्वीडनच्या साम्बोला जे नाही, ते तिथे मिळालं.

फार लांब जायला नको. जव्हार, मोखाडा, डहाणू, तलासरीकडे सामुदायिक विवाहाच्या मांडवात एकदा जाऊन या. नवरदेवाच्या डोक्याला मुंडावळ्या आणि मांडीवर नातू, असं दृश्य तिथे नवल नाही. वारली जोडपी तरुणपणीच एकत्र राहू लागतात, मुलंबाळं होतात. मांडव, जेवण, दारू, धवलेरीचं गाणं हे सगळं परवडेल तेव्हा. धवलेरी म्हणजे लग्न लावणारी बाई, तिने गायल्याशिवाय लग्न लागत नाही. झारखंडच्या आदिवासी गावांत अशा जोडप्यांना "ढुकू" म्हणतात, म्हणजे विधी न होता घरात शिरलेली. गावजेवण देईपर्यंत बाईला पुरता मान नाही, काही गावांत मेल्यावर गावच्या मसणवटीत जागाही नाही. वर्तमानपत्रं याला "आदिवासींचं लिव्ह-इन" म्हणतात, मला ते पटत नाही. गोथेनबर्गच्या दोघांना लग्नाची गरज वाटत नाही. मोखाड्याच्या दोघांना लग्न हवं असतं, खिशात पैसे नसतात. वरून दोन्ही सारखंच दिसतं.

मराठी समाजाला लग्नाचा एकच साचा होता, हेही आपण नंतर शिकलेलं पाठांतर आहे. पाट लावणं, मोहतूर, काडीमोड हे शब्द कुठून आले? कितीतरी जातींत पहिलं लग्न थाटाचं आणि पुढचं घर साध्या विधीने मांडलेलं, असं सर्रास चालायचं, आणि जुळलं नाही तर पंचांसमोर काडी मोडून मोकळं होता यायचं. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही रूढीने होणारी फारकत मान्य ठेवली आहे. विधवेला आणि काडीमोड झालेलीला दार बंद होतं ते मुख्यतः वरच्या जातींत.

आजच्या भारतातल्या कायद्याबद्दल मात्र मी तुम्हाला स्वीडनसारखा दिलासा देणार नाही. प्रौढ दोघांनी लग्नाशिवाय राहणं गुन्हा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने एकदा नाही, अनेकदा सांगितलंय. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात "विवाहासारखं नातं" असे शब्द आहेत, त्यामुळे मारहाण झाली, घराबाहेर काढलं तर बाई दाद मागू शकते. पण "विवाहासारखं" म्हणजे काय? २०१० च्या वेलुसामी निकालाने चार अटी घातल्या. समाजासमोर नवरा-बायकोसारखं वावरलेलं हवं, वय कायद्यात बसणारं हवं, दोघं एरवी लग्नाला पात्र हवेत, म्हणजे आधीचं लग्न उभं नको, आणि स्वखुशीने बराच काळ एकत्र काढलेला हवा. त्याच निकालात "ठेवलेली बाई" या अर्थाचा इंग्रजी शब्द वापरला गेला आणि त्यावर ज्येष्ठ वकील इंदिरा जयसिंग यांनी भर कोर्टात हरकत घेतली होती.

तिसरी अट किती बायकांना बुडवते, ते मी रोज पाहते. एक बाई पिंपरीच्या फ्लॅटमध्ये अकरा वर्षं एका गृहस्थाबरोबर राहिली, अर्धे हप्ते तिच्या खात्यातून गेले. तो वारला. तेराव्याला गावाहून भाऊ आले, त्यांच्याबरोबर पहिली बायको, जिच्याशी कधी कायद्याने फारकत झालीच नव्हती. सोसायटीच्या दाखल्यावर हिचं नाव नाही, नॉमिनी म्हणून नाही, मृत्युपत्र नाही. हप्त्यांचे पैसे तिचे होते, एवढं बँकेच्या कागदांवरून सिद्ध करायला आम्हाला चार वर्षं लागली. घर गेलंच.

पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर नोटरीकडून "लिव्ह-इन करार" करून आणणारी पोरं येतात. घरमालकाला दाखवायला तो बरा, कोर्टात त्याने कोणी वारस होत नाही. गुजरातेत सत्तरच्या दशकात "मैत्री करार" या नावाने हाच प्रकार गाजला होता, आणि तिथे करार करणारा पुरुष बहुधा आधीच लग्न झालेला असे.

माझ्याकडे येणाऱ्या तरुण जोडप्यांतले फार थोडे लग्नाच्या विरोधात असतात. बाकीच्यांचं लग्न कोणीतरी अडवलेलं असतं. जात, पत्रिका, धर्म, "आधी मोठ्या बहिणीचं होऊ दे". विशेष विवाह कायद्यात ३० दिवसांची जाहीर नोटीस लागते. ती कार्यालयाच्या फळ्यावर लागते आणि तिथून कोणाच्या मामाच्या नजरेला पडेल सांगता येत नाही. मग काही जण आळंदी गाठतात, काही हिंजवडीला खोली घेऊन वाट बघतात. आपल्याकडचं लिव्ह-इन पुष्कळदा लग्नाची वेटिंग लिस्ट असते. उत्तराखंडने तर २७ जानेवारी २०२५ पासून लागू केलेल्या समान नागरी कायद्यात एकत्र राहायला लागल्यापासून महिन्याच्या आत नोंदणी सक्तीची केली, नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. सोडून दिलेल्या बाईला पोटगी आणि मुलाला औरसपणा ही त्यातली जमेची बाजू. पण नोंदणीची खबर ज्या घरातून पळून आले त्याच घरी पोहोचत असेल, तर ती जोडपी नोंदणी करतील की दुसऱ्या राज्यात जातील, तुम्हीच ठरवा.

खरोखर विचार करून लग्न टाळणारे अशील माझ्याकडे आहेत, आणि त्यांचं वय साठ-सत्तर आहे. पुण्यात ज्येष्ठांच्या सहजीवनासाठी मंडळ चालतं. विधवा बाईने पुन्हा लग्न केलं की केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे तिचं कुटुंब निवृत्तिवेतन सर्वसाधारणपणे थांबतं, मूल नसलेल्या कमी उत्पन्नाच्या विधवेसारखे अपवाद सोडून. शिवाय दोन्हीकडच्या मुलांना धास्ती, की नवी आई किंवा नवे बाबा फ्लॅटमध्ये वाटेकरी होतील. मग आजी-आजोबा दोघांची मृत्युपत्रं करतात, खर्च वाटून घेतात आणि एका घरात राहतात. हेच ते स्वीडनच्या डिसेंबरचं गणित, उलट बाजूने. तिथे पेन्शन मिळावी म्हणून लग्नं लागली, इथे जाऊ नये म्हणून टाळली जातात. अमेरिकेत नोकरी करणाऱ्या मुलाचं प्रकरण तिसरं. बायको म्हणून नेण्याचा एच-४ व्हिसा लग्नाच्या दाखल्याशिवाय मिळत नाही, तेव्हा साखरपुड्याच्या आधीच रजिस्टर लग्न उरकलेली कितीतरी घरं तुमच्या ओळखीत असतील. स्वीडन साम्बोलाही जोडीदार म्हणून राहण्याचा परवाना देतो, म्हणून तुमच्या मुलीला तसा रेटाही बसला नाही.

आता सांगलीचा फ्लॅट. तो मुलीला बक्षीसपत्राने दिलात आणि ती मृत्युपत्र न करता, मूलबाळ नसताना गेली, तर आज ती अविवाहित असल्याने हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे तो तुम्हा आईवडिलांकडे परत येईल. त्या मुलाला त्यातलं काही मिळणार नाही. लग्न झालं असेल तर तो नवऱ्याला जाईल, नवरा नसेल तर त्याच्या वारसांना, तुम्ही त्यांच्यानंतर. तोच फ्लॅट तुमच्या पश्चात तिला वारशाने आला असेल तर नियम वेगळा आहे, मूल नसताना तो वडिलांच्या वारसांकडे वळतो. तेव्हा बक्षीसपत्राच्या दिवशीच तिचं भारतातल्या मिळकतीपुरतं मृत्युपत्र करून घ्या. ती सुट्टीत आली की दोन्ही कामं एकाच फेरीत होतात. आणि येताना तिला गोथेनबर्गच्या घराचे कागद फोनमध्ये घेऊन यायला सांगा. करार झालाय की नाही, हे तिच्या आठवणीवर सोडू नका.